पीडीएफला आधी विचारा, मग हात लावा: लिनक्सच्या टर्मिनलवरील साधनांची बसवणूक आणि वापर

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागधारक आणि लहान सहकारी संस्था यांची कागदपत्रे लावून देण्याचे काम मी करतो. या शहरातील कागदांचा एक संच उघडला, तर त्यात मराठी सातबारा, संस्थेची जुनी तेलुगू नियमावली, सीमेपलीकडच्या गावातील कन्नड खरेदीखत, बँकेचा इंग्रजी उतारा आणि मोबाइलवर काढलेली वीजबिलांची छायाचित्रे एकत्र सापडतात. हे सारे एकाच पीडीएफमध्ये, ठरवून दिलेल्या आकारात बसवून द्यावे, अशी अट जवळपास प्रत्येक अर्जाला असते. अशा वेळी बहुतेक जण एखाद्या फुकटच्या संकेतस्थळावर फाइली चढवतात आणि जोडून घेतात. त्यामुळे आधार, पॅन आणि बँकेचे खाते यांची माहिती अनोळखी संगणकावर जाऊन पडते. तेच काम लिनक्स (विंडोजसारखी, पण मोफत कार्यप्रणाली) असलेल्या साध्या, जुन्या संगणकावर, टर्मिनल या कमांड टंकण्याच्या खिडकीतून, इंटरनेट बंद ठेवूनही करता येते. त्यासाठी लागणारी सर्व साधने मोफत आणि मुक्तस्रोत आहेत.

ही साधने वापरायला लागलो तेव्हा माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. डिजिटल स्वाक्षरी असलेला एक उतारा मी इतर कागदांत जोडून संपूर्ण संच लहान केला. दिसायला पान जसेच्या तसे होते, परंतु स्वाक्षरी नष्ट झाली होती आणि संच परत आला. कमांड बरोबर चालली होती. फाइलच्या आत काय आहे हे मी आधी पाहिले नव्हते, चूक तेवढीच होती. म्हणून या लेखात कमांडच्या आधी तपासणीला जागा दिली आहे.

वाचण्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. येथे सर्व कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकायच्या आहेत. जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे. कमांडमधील अंकही रोमन कळफलकावरचेच हवेत, कारण देवनागरी अंक टंकल्यास साधन ते ओळखत नाही. शब्दात ‘पीडीएफ’ किंवा ‘क्यू’ अशी अक्षरांची नावे आली की त्या जागी एकेक रोमन अक्षर टंकावे, मध्ये जागा सोडू नये. फाइलचे नाव मात्र खरोखर देवनागरीत ठेवले तरी लिनक्सला अडचण येत नाही. नावात मोकळी जागा असेल तर संपूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. कमांडची पहिली तीन-चार अक्षरे टंकून टॅब कळ दाबली की उरलेले स्पेलिंग संगणक स्वतः पूर्ण करतो. नवख्या माणसासाठी ही सर्वांत उपयोगी सवय आहे.

बसवणूक

लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू, डेबियन किंवा मिंट असेल तर कंट्रोल, आल्ट आणि टी या कळा एकत्र दाबून (डेबियनवर तसे न झाल्यास मेनूतून) टर्मिनल उघडावे आणि पुढील दोन ओळी एकामागून एक द्याव्यात.

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉपलर-युटिल्स क्यूपीडीएफ घोस्टस्क्रिप्ट आयएमजी2पीडीएफ ओसीआरमायपीडीएफ पीडीएफग्रेप

पॉपलरमध्ये मधला पी दोनदा येतो आणि घोस्टमध्ये जीनंतर एच येतो. या दोन ठिकाणी हमखास चूक होते. पासवर्ड विचारला जाईल तेव्हा टंकलेली अक्षरे पडद्यावर दिसणार नाहीत, ताऱ्याची खूणही उमटेलच असे नाही. संगणक अडकलेला नसतो, म्हणून पासवर्ड पूर्ण टंकून एंटर दाबावे. फेडोरा वापरणाऱ्यांनी ॲप्टच्या जागी डीएनएफ वापरावे. पॉपलर, क्यूपीडीएफ, घोस्टस्क्रिप्ट आणि ओसीआरमायपीडीएफ यांची नावे तिथेही हीच आहेत.

अक्षरओळखीसाठी (ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे वाचून त्यांचा मजकूर करणे) भाषांची पॅकेजे स्वतंत्र बसवावी लागतात. टेसरॅक्ट या साधनात प्रत्येक भाषेला तीन अक्षरी संकेत आहे: मराठीला एम-ए-आर, कन्नडला के-ए-एन, तेलुगूला टी-ई-एल, उर्दूला यू-आर-डी आणि इंग्रजीला ई-एन-जी. इंग्रजी सहसा आपोआप येते. उरलेल्यांसाठी पॅकेजचे नाव ‘टेसरॅक्ट-ओसीआर-’ आणि त्यापुढे संकेत असे असते.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर टेसरॅक्ट-ओसीआर-केएएन टेसरॅक्ट-ओसीआर-टीईएल

फेडोरावर मराठीच्या पॅकेजचे नाव टेसरॅक्ट-लँगपॅक-एमएआर असे आहे. बसवून झाल्यावर ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’ ही कमांड द्यावी. यादीत एम-ए-आर दिसले नाही, तर पुढची सर्व मेहनत वाया जाईल.

काम सुरू करण्यापूर्वी दोन फोल्डर करावेत, एक ‘मूळ’ आणि दुसरा ‘काम’. आलेला प्रत्येक कागद ‘मूळ’मध्ये ठेवून ‘सीएचमॉड ए-डब्ल्यू मूळ/*’ या कमांडने त्यावर लिहिण्याची मुभा काढून घ्यावी. या साधनांत ‘पूर्ववत करा’ असे बटण नाही. घोस्टस्क्रिप्टला आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या फाइलचे एकच नाव दिले तर मूळ फाइल पुसली जाते. क्यूपीडीएफ अशा वेळी काम नाकारते, पण प्रत्येक साधन इतके जपून वागेल असे गृहीत धरू नये.

फाइलला विचारायचे प्रश्न

पीडीएफ हे रूप अडोबीने 1993 मध्ये आणले आणि 2008 मध्ये ते आयएसओ 32000 या नावाने खुले आंतरराष्ट्रीय मानक झाले. या रूपात एकाच पानावर खरी अक्षरे, चित्रे, रेषा, अर्जातील भरण्याच्या चौकटी आणि स्वाक्षऱ्या एकत्र राहू शकतात. पडद्यावर सारखीच दिसणारी दोन पाने आतून पूर्ण वेगळी असू शकतात: एकात केवळ छायाचित्र असते, तर दुसऱ्यात निवडता येणारी अक्षरे असतात. कोणते साधन वापरायचे हे या आतल्या रचनेवर ठरते.

पहिला प्रश्न साधा आहे.

पीडीएफइन्फो सातबारा.पीडीएफ

उत्तरात पानांची संख्या, पानाचे माप, फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने बनवली आणि तिला कुलूप आहे की नाही, ही माहिती येते. माप पॉइंटमध्ये असते. एक इंच म्हणजे 72 पॉइंट, म्हणून ए-4 पान सुमारे 595 गुणिले 842 असे दिसते. मोबाइलवरून बनवलेल्या पीडीएफमध्ये हा आकडा कित्येक हजारांत गेलेला आढळतो. असे पान छापायला दिले की यंत्रावर गोंधळ होतो.

दुसरा प्रश्न स्वाक्षरीचा. ‘पीडीएफसिग सातबारा.पीडीएफ’ असे विचारले की स्वाक्षरी असल्यास स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव आणि वेळ दिसते. या फाइलला पुढे काहीही करू नये, म्हणजे जोडू नये, फिरवू नये आणि लहानही करू नये. डिजिटल स्वाक्षरी फाइलमधील बाइट्सच्या क्रमावर केलेली असते, त्यामुळे फाइल नव्याने लिहिली गेली की ती वैध राहत नाही. संचात पान हवेच असेल तर प्रत जोडावी आणि मूळ फाइल वेगळी द्यावी. माझा उतारा परत आला त्यानंतर मी ही तपासणी एकदाही सोडलेली नाही.

तिसरा प्रश्न चित्रांचा.

पीडीएफइमेजेस -लिस्ट नियमावली.पीडीएफ

यात प्रत्येक चित्राची रुंदी, उंची, रंग, दाबण्याची पद्धत (कॉम्प्रेशन) आणि एका इंचातील ठिपके यांचा तक्ता येतो. प्रत्येक पानावर पानभर मापाचे एकच चित्र दिसले, तर ती फाइल स्कॅन आहे असे समजावे. ठिपक्यांचे आकडे दिसतात ते ‘एक्स-पीपीआय’ आणि ‘वाय-पीपीआय’ या रकान्यांत. तिथे 600 दिसत असेल तर फाइल विनाकारण जड आहे. 100 च्या खाली असेल तर अक्षरओळखीकडून फार अपेक्षा ठेवू नये, कागद मिळत असेल तर पुन्हा स्कॅन करावा.

चौथा प्रश्न मराठीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

पीडीएफटूटेक्स्ट -एफ 1 -एल 1 नियमावली.पीडीएफ -

शेवटचे एकटे हायफन म्हणजे निकाल फाइलमध्ये न लिहिता पडद्यावरच दाखवावा अशी सूचना. एफ आणि एल ही पहिल्या आणि शेवटच्या पानाची खूण आहे. उत्तर चार प्रकारचे येते. काहीच आले नाही, तर पान स्कॅन आहे. स्वच्छ मराठी आली, तर उत्तमच. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी क च्या आधी सुटी पडून ‘िकती’ असे काही आले, तर फाइल युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या मानकात) बनली आहे, पण तिच्यात अक्षरांऐवजी फाँटमधील आकृत्या दिसण्याच्या क्रमाने साठवल्या आहेत. मराठीत पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि लेखनात व्यंजनाआधी येते. हा फरक पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने नोंदवून ठेवला नाही, तर मजकूर काढताना तो असा विस्कटतो. चौथ्या प्रकारात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गुंता बाहेर पडतो. ते पान शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले असते. अशा फाँटमध्ये मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते, त्यामुळे डोळ्याला मराठी दिसली तरी फाइलच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरेच असतात.

सोलापुरातील संस्थांचे जुने वार्षिक अहवाल, सभेच्या सूचना आणि परिपत्रके यांत हा चौथा प्रकार वारंवार भेटतो. फाइल पाहणाऱ्याला दोष दिसत नाही, पण तिच्यात शोध घेतला तर एकही शब्द सापडत नाही. दृष्टिहीन वाचकासाठी पडदावाचक सॉफ्टवेअर लावले तर ते निरर्थक ध्वनी उच्चारते. मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत मला हे सर्वांत मोठे दुखणे वाटते, आणि त्यावर उपाय आहे. तो पुढे अक्षरओळखीच्या भागात येईल. फाँटची नावे पाहायची असल्यास ‘पीडीएफफाँट्स’ ही कमांड आहे. तिच्या ‘यूएनआय’ या रकान्यात ‘नो’ दिसले तर मजकूर बिघडलेला असण्याची शक्यता मोठी असते. तरीही केवळ त्या रकान्यावर न विसंबता एक पान काढून डोळ्यांनी वाचावे, कारण ‘येस’ असूनही आतला तक्ता चुकीचा असू शकतो.

जोडणे, वेगळे करणे, फिरवणे

वरचे सारे प्रश्न ज्या पॉपलर संचाने विचारले, त्यातच जोडण्यासाठी पीडीएफयुनाइट आहे. ते सोपे आहे, पण ते शेवटी लिहिलेले नाव नव्या फाइलचे धरते. नवे नाव लिहायचे राहिले तर यादीतील शेवटचा कागद धोक्यात येतो. म्हणून मी क्यूपीडीएफच सुचवतो.

क्यूपीडीएफ --एम्प्टी --पेजेस अर्ज.पीडीएफ नियमावली.पीडीएफ 1-4 उतारा.पीडीएफ झेड -- संच.पीडीएफ

एम्प्टी म्हणजे कोऱ्या फाइलपासून सुरुवात. पेजेसनंतर फाइलचे नाव आणि हवी असल्यास पानांची मर्यादा येते. मर्यादा दिली नाही तर सर्व पाने घेतली जातात. झेड हे अक्षर शेवटच्या पानासाठी आहे, त्यामुळे येथे उताऱ्याचे केवळ शेवटचे पान येईल. यादी संपली हे सांगणारी एकटी दुहेरी हायफन विसरू नये, कारण ती नसेल तर कमांड चालत नाही. मधले एखादे पान गाळायचे असेल तर ‘1-3,5-झेड’ असे लिहिता येते.

एका प्रसंगासाठी मी क्यूपीडीएफचा विशेष ऋणी आहे. आपोआप कागद ओढणारे स्कॅनर अनेकदा एकाच बाजूचे असते. चाळीस पाठपोट कागदांचा गठ्ठा आधी पुढच्या बाजूने स्कॅन होतो, मग तोच गठ्ठा उलटून मागच्या बाजूने. दुसऱ्या फाइलमधील पाने त्यामुळे उलट्या क्रमाने येतात आणि दोन्ही फाइली हाताने गुंफायच्या म्हटल्या तर संध्याकाळ होते. त्यासाठी एकच ओळ पुरते.

क्यूपीडीएफ --एम्प्टी --कोलेट --पेजेस पुढील.पीडीएफ मागील.पीडीएफ झेड-1 -- पूर्ण.पीडीएफ

कोलेटमुळे दोन्ही फाइलींमधील एकेक पान आळीपाळीने घेतले जाते आणि ‘झेड-1’ मुळे दुसरी फाइल शेवटाकडून वाचली जाते. आधी ‘पीडीएफइन्फो’ने दोन्ही फाइलींची पानसंख्या समान आहे ना हे पाहावे, कारण स्कॅनरने एक कागद जरी दुहेरी ओढला असेल तरी तिथून पुढचा सारा क्रम चुकतो.

आडवे पान उभे करण्यासाठी ‘क्यूपीडीएफ संच.पीडीएफ नवा.पीडीएफ --रोटेट=+90:2,4’ असे लिहावे. कोलननंतर पानांचे क्रमांक आहेत. यात चित्राला धक्का लागत नाही, केवळ पान कोणत्या बाजूने दाखवायचे याची नोंद बदलते. प्रत्येक पानाची वेगळी फाइल हवी असेल तर ‘--स्प्लिट-पेजेस’ हा पर्याय आहे.

छायाचित्रांपासून पीडीएफ, आणि आकार कमी करणे

मोबाइलवर काढलेली जेपेग छायाचित्रे पीडीएफमध्ये बसवण्यासाठी आयएमजी2पीडीएफ वापरावे. ते छायाचित्र पुन्हा दाबत नाही, जसेच्या तसे पानावर ठेवते, त्यामुळे स्पष्टता तसूभरही घटत नाही.

आयएमजी2पीडीएफ --पेजसाइझ ए4 --आउटपुट वीजबिले.पीडीएफ *.जेपीजी

पेजसाइझच्या पुढचे ए हे अक्षर मोठे टंकावे. फाइलींना 1, 2, 10 अशी नावे असतील तर क्रम 1, 10, 2 असा लागतो. म्हणून नावे 01, 02, 10 अशी ठेवावीत. छायाचित्र जसेच्या तसे जात असल्याने त्यात मोबाइलने नोंदवलेले ठिकाणही सोबत जाते. घरात बसून काढलेल्या छायाचित्रातून घराचा ठावठिकाणा बाहेर जाऊ नये यासाठी लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल हे पॅकेज बसवून आधी ‘एक्झिफटूल -जीपीएस:ऑल= *.जेपीजी’ ही कमांड चालवावी. मूळ छायाचित्राची प्रत ते साधन स्वतःच बाजूला ठेवते.

आकाराचे गणित समजून घेतले तर अंदाजपंचे प्रयोग करावे लागत नाहीत. ए-4 कागद 300 ठिपक्यांवर स्कॅन केला की 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबलेले पान सुमारे 26 एमबी भरते. तेच पान करड्या छटांत सुमारे 8.7 एमबी आणि निव्वळ काळे-पांढरे असेल तर जेमतेम 1.1 एमबी होते. दाबल्यानंतर हे आकडे पुष्कळ खाली येतात, पण प्रमाण लक्षात राहावे. काळ्या शाईत छापलेला कागद रंगीत स्कॅन करण्याची चूक टाळली, तर पुढे आकार कमी करण्याची वेळच सहसा येत नाही. ठिपके 300 वरून 150 वर आणले तर चित्र चौपट लहान होते, कारण रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या होतात.

तरीही कमी करावे लागलेच तर घोस्टस्क्रिप्टची कमांड अशी आहे.

जीएस -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक -डीनोपॉज -डीबॅच -एसआउटपुटफाइल=लहान.पीडीएफ संच.पीडीएफ

येथे अक्षरांकडे लक्ष द्यावे. हायफननंतरचे एस किंवा डी लहान, त्यापुढील डिव्हाइस, पीडीएफसेटिंग्ज, नोपॉज आणि बॅच हे शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत, आणि आउटपुटफाइलमध्ये केवळ ओ आणि एफ मोठे. ‘ईबुक’ने रंगीत आणि करडी चित्रे 150 ठिपक्यांच्या आसपास येतात, ‘स्क्रीन’ने 72 आणि ‘प्रिंटर’ने 300. स्क्रीन हा पर्याय कागदपत्रांसाठी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. 72 ठिपक्यांवर शिक्क्यातील बारीक अक्षरे आणि जोडाक्षरांचे पाय मिटून जातात, आणि एकदा गेलेले ते तपशील परत आणता येत नाहीत. घोस्टस्क्रिप्ट फाइल दुरुस्त करत नाही, ती वाचून सर्वस्वी नवी लिहिते. त्यामुळे आधीच नीट दाबलेली फाइल कधी कधी उलट मोठी होते. ‘एलएस -एलएच’ देऊन दोन्ही आकार पाहावेत आणि सर्वांत बारीक अक्षरे असलेले पान मोठे करून वाचावे.

मराठी अक्षरओळख

टेसरॅक्टची सुरुवात 1985 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत झाली आणि 2005 मध्ये ते मुक्तस्रोत झाले. 2018 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कवर आधारलेली पद्धत आहे. ती एकेक अक्षर तोडून न पाहता संपूर्ण ओळ वाचते. शिरोरेषेने जोडलेल्या आपल्या लिपीला याचा मोठा लाभ झाला. ओसीआरमायपीडीएफ हे साधन टेसरॅक्टकडून मजकूर वाचून घेते आणि मूळ पानाच्या चित्रामागे अदृश्य अक्षरांचा थर ठेवते. पान दिसायला तसेच राहते, पण त्यात शोधता येते आणि मजकूर निवडता येतो.

ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर+ईएनजी --रोटेट-पेजेस --डेस्क्यू --साइडकार मजकूर.टीएक्सटी स्कॅन.पीडीएफ शोधयोग्य.पीडीएफ

रोटेट-पेजेसमुळे उलटी पाने सरळ होतात आणि डेस्क्यूमुळे तिरका कागद सरळ होतो. शिरोरेषा तिरकी असेल तर अचूकता झपाट्याने घसरते, म्हणून मराठीसाठी हा पर्याय नेहमी ठेवावा. साइडकारमुळे ओळखलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये मिळतो.

फाइलच्या काही पानांत आधीपासून मजकूर असेल तर साधन काम नाकारते. येथे निर्णय आपल्याला करायचा असतो. आधीचा मजकूर स्वच्छ असेल तर ‘--स्किप-टेक्स्ट’ द्यावे, म्हणजे ती पाने सोडून केवळ स्कॅन केलेली पाने वाचली जातात. आधीचा मजकूर वर सांगितलेल्या तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारचा, म्हणजे विस्कटलेला किंवा युनिकोडपूर्व असेल, तर ‘--फोर्स-ओसीआर’ हाच मार्ग आहे. त्यात प्रत्येक पान आधी चित्रात बदलते आणि मग नव्याने वाचले जाते. फाइल जड होते, परंतु ज्या अहवालात एक शब्दही सापडत नव्हता तो पूर्ण शोधयोग्य होतो. मूळ फाइल ‘मूळ’ फोल्डरमध्ये आहेच, छपाईसाठी ती वापरावी.

सोलापूरच्या कागदांसाठी एक सल्ला अनुभवातून देतो. सर्व भाषा एकाच वेळी अधिक चिन्हाने जोडून देण्याचा मोह होतो, पण त्याने वेग मंदावतो आणि एका लिपीतील अक्षर दुसऱ्या लिपीत ओळखले जाण्याच्या चुका वाढतात. तेलुगू आणि कन्नड लिपींत पुष्कळ अक्षरे एकमेकींसारखी दिसतात, त्यामुळे तिथे हा धोका अधिक आहे. तेव्हा क्यूपीडीएफने आधी भाषेनुसार पाने वेगळी करावीत, प्रत्येक भागाला त्याचीच भाषा द्यावी आणि शेवटी पुन्हा जोडावे. काम दोन कमांडने वाढते, निकाल मात्र कितीतरी चांगला मिळतो.

निकाल तपासताना कोणत्या चुका शोधाव्यात हे ठाऊक असले की वेळ वाचतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ख आणि ‘रव’ या जोड्या आधी पाहाव्यात. त्यानंतर रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे. अंकांत १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि गट क्रमांक किंवा रक्कम चुकली तर ती चूक शब्दाच्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून आकडे मी नेहमी मूळ पानाशी ताडून पाहतो. हस्तलिखित नोंदी आणि मोडी लिपीतील दस्त यांना हा मार्ग लागू पडत नाही, ही पद्धत छापील मजकुरासाठी आहे.

फाइली शोधयोग्य झाल्या की त्यांचा खरा उपयोग सुरू होतो. ‘पीडीएफग्रेप -एन "भाडेपट्टा" *.पीडीएफ’ ही ओळ फोल्डरमधील प्रत्येक फाइलमध्ये तो शब्द शोधते आणि पानाचा क्रमांकही सांगते.

कुलूप लावणे आणि माहिती झाकणे

कुलूप लावण्यासाठी पुढील कमांड आहे.

क्यूपीडीएफ --एनक्रिप्ट उघडण्याचा-पासवर्ड मालकाचा-पासवर्ड 256 -- संच.पीडीएफ बंद.पीडीएफ

दोन्ही पासवर्ड रोमन अक्षरांत ठेवावेत आणि 256 हाच आकडा वापरावा, कारण 40 आणि 128 चे जुने प्रकार आज कच्चे समजले जातात. टर्मिनल दिलेली प्रत्येक ओळ इतिहासात साठवते, पासवर्डही त्यात राहतो. उबुंटूवर ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडली की ती ओळ इतिहासात जात नाही. पासवर्ड माहीत असलेल्या स्वतःच्या फाइलचे कुलूप काढायचे असेल तर ‘--पासवर्ड=’ आणि ‘--डिक्रिप्ट’ हे पर्याय आहेत.

आधारचा क्रमांक झाकायचा म्हणून त्यावर काळी पट्टी ओढणे ही मात्र घातक पद्धत आहे. पट्टी ही पानावर ठेवलेली वेगळी वस्तू असते आणि तिच्याखालील अंक तसेच राहतात. पीडीएफटूटेक्स्ट ते एका क्षणात बाहेर काढते. माहिती खरोखर घालवायची असेल तर आधी पानाचे चित्र करावे.

पीडीएफटूपीपीएम -आर 300 -पीएनजी आधार.पीडीएफ पान

तयार झालेल्या चित्रावर गिम्पसारख्या चित्रसंपादनाच्या साधनात पट्टी मारून ते पीएनजी म्हणूनच निर्यात करावे आणि आयएमजी2पीडीएफने त्याची पुन्हा पीडीएफ करावी. शेवटी नव्या फाइलवर पीडीएफटूटेक्स्ट चालवून काहीच बाहेर येत नाही याची खात्री करावी.

अनेक फाइली एकाच वेळी

दोनशे फाइली असतील तर ‘काम’ फोल्डरमध्ये ‘तयार’ नावाचा उपफोल्डर करून ही ओळ द्यावी.

फॉर एफ इन *.पीडीएफ; डू ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर+ईएनजी --डेस्क्यू --स्किप-टेक्स्ट "$एफ" "तयार/$एफ"; डन

डॉलर चिन्हासह एफ म्हणजे त्या त्या वेळची फाइल. भोवतालची अवतरणचिन्हे काढू नयेत, नाहीतर नावात मोकळी जागा असलेल्या फाइलींवर काम अडते. आधी तीन फाइलींवर चालवून पाहावे आणि मगच पूर्ण गठ्ठा लावावा. हे काम प्रोसेसरला दमवते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या पलीकडे असताना मी मोठे गठ्ठे रात्रीच लावतो. वीज गेली तर अर्धवट राहिलेली फाइल पूर्ण झाली असे समजून पुढे जाऊ नये. सकाळी तयार फाइलींची तपासणी अशी करावी.

फॉर एफ इन तयार/*.पीडीएफ; डू क्यूपीडीएफ --चेक "$एफ" > /डेव्ह/नल || इको "$एफ"; डन

क्यूपीडीएफ प्रत्येक फाइलची रचना तपासते आणि ज्या फाइलींत दोष आहे किंवा इशारा मिळाला आहे त्यांचीच नावे इको छापते. त्यांतील किरकोळ दोष ‘क्यूपीडीएफ सदोष.पीडीएफ नीट.पीडीएफ’ एवढ्याने दुरुस्त होतात, कारण फाइलमधील मोडलेली अनुक्रमणिका ते नव्याने बांधते. त्यानेही भागले नाही तर ती फाइल काढून टाकावी आणि ‘मूळ’ फोल्डरमधील प्रत घेऊन तेवढ्याच एका फाइलवर पुन्हा काम करावे.